कार्बन बदलण्याआधी करंट मोजा

स्लिप रिंगवरचा (मशीनच्या फिरत्या भागावरच्या धातूच्या कड्यावरचा) एक कार्बन ब्रश, म्हणजे तिच्यावर घासत करंट पोचवणारा कार्बनचा ठोकळा, बाकीच्यांच्या मानाने लवकर संपला, म्हणून मी तो बदलला. तीन आठवड्यांनी त्याच्या शेजारचा संपला. तोही बदलला. मग तिसऱ्याचा नंबर लागला, तेव्हा मात्र मी "मालच खराब आलाय" असं जाहीर करून टाकलं. आमच्याकडे एक जुने फिटर होते, सगळे त्यांना काका म्हणायचे. त्यांनी माझं बोलणं पूर्ण ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला, "कोण किती करंट घेतोय, बघितलंस का?" मी बघितला नव्हता. तो कसा बघायचा हेही मला ठाऊक नव्हतं.

ब्रश, स्लिप रिंग आणि कॉम्युटेटर (तांब्याच्या पट्ट्यांचं, म्हणजे बारांचं, फिरतं नळकांडं) सांभाळायचं काम ज्यांच्याकडे नव्यानेच आलं आहे, त्यांच्यासाठी हा लेख आहे. ज्या क्रमाने मी आता काम करतो, त्याच क्रमाने लिहितो. तो क्रम मला चुका करतच सापडला.

१. आधी हे समजून घ्या: एकसारख्या ब्रशना एकसारखा करंट का मिळत नाही

एका रिंगवर सहा ब्रश आहेत, एकाच ग्रेडचे (म्हणजे एकाच जातीच्या कार्बनचे), एकाच मापाचे. एकूण करंट २४० अँपिअर. म्हणजे प्रत्येकी ४० अँपिअर, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात तसं क्वचितच होतं.

ब्रशची घासणारी बाजू ८ चौरस सेंटीमीटर असली, तरी रिंगला तो सगळ्या क्षेत्रफळावर टेकत नाही. तो टेकतो मोजक्या बारीक ठिपक्यांवर, आणि सगळा करंट त्या ठिपक्यांतूनच जातो. शिवाय रिंग फिरत असल्यामुळे हे ठिपके सतत जागा बदलतात. एक घासून गेला की दुसरा तयार होतो. त्यामुळे एकाच ब्रशचा करंटसुद्धा दिवसभर स्थिर नसतो.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. इलेक्ट्रोग्रॅफाइटच्या ब्रशवर, म्हणजे ब्रश आणि रिंग यांच्या सांध्यात, नेहमीच्या लोडला साधारण १ व्होल्टचा ड्रॉप पडतो, म्हणजे तेवढं व्होल्टेज तिथेच खर्च होतं. पण करंट दुप्पट केला म्हणून हा ड्रॉप दुप्पट होत नाही, थोडासाच वाढतो. सहाही ब्रश समांतर जोडलेले, म्हणजे सगळ्यांवर व्होल्टेज तेच. अशा वेळी एखाद्याच्या वाटेत ५ मिलिओहमचा जादा रेझिस्टन्स आला, तर ४० अँपिअरला त्यावरच ०.२ व्होल्ट खर्च होतात. १ व्होल्टमधले ०.२ गेले की तो ब्रश मागे पडतो आणि त्याचा करंट दुसरीकडे वळतो. ५ मिलिओहम म्हणजे नट नीट न आवळलेला एक लग (तारेच्या टोकाची, बोल्टला बसणारी चकती), बस्स.

त्यात भर म्हणजे कार्बन तांब्याच्या उलटा वागतो. तांबं तापलं की रेझिस्टन्स वाढतो, म्हणून तांब्याच्या दोन समांतर तारा आपोआप थोडंफार जमवून घेतात. ब्रशचा सांधा तापला की त्याचा ड्रॉप कमी होतो. जास्त करंट घेणारा तापतो, तापला म्हणून आणखी घेतो, आणखी तापतो. ही चढाओढ कधी तरी थांबते, पण तोवर पिगटेल (ब्रशमधून निघणारी तांब्याची लवचिक वायर) निळी पडलेली असते.

माझं काय झालं होतं, ते आता लक्षात येईल. पहिला ब्रश सगळ्यात जास्त करंट ओढत होता. मी तो काढून नवा बसवला. नवा ब्रश रिंगच्या गोलाईला बसलेला नसतो, त्यामुळे तो सुरुवातीला कमी घेतो. उरलेला भार गेला दुसऱ्यावर. मी आजार एका ब्रशवरून पुढच्या ब्रशवर ढकलत होतो, इतकंच.

२. हाताशी काय ठेवायचं

- डीसी मोजणारा क्लॅम्प मीटर. नेहमीचा टंग टेस्टर फक्त एसी दाखवतो. डीसी एक्सायटेशनच्या, म्हणजे रोटरला चुंबक बनवणारा करंट नेणाऱ्या, रिंगवर तो शून्य दाखवणार आणि तुम्हाला वाटणार ब्रश मेलाय. नवख्या माणसाची ही ठरलेली चूक आहे.
- मिलिव्होल्ट रेंज असलेला मल्टीमीटर, टोकदार आणि इन्सुलेटेड प्रोबसह
- स्प्रिंग बॅलन्स, २ ते ५ किलोचा
- साध्या कागदाच्या पट्ट्या
- फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पट्ट्या) आणि डायल गेज (रिंगचा वाकडेपणा मोजायला)
- व्हर्नियर
- गार्नेट पेपर किंवा साधा सँडपेपर. एमरी (कुरुंदाचा पेपर) नको, कारण पुढे सांगतो.
- व्हॅक्यूम क्लीनर, नळीचं टोक प्लास्टिकचं
- मेगर (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणारा)
- मशीनचं मॅन्युअल, निदान त्यातलं ब्रशचं पान: ग्रेड, माप, किती लांबीला बदलायचा, स्प्रिंगचा दाब
- ब्रशचे नंबर टाकलेला एक कागद. होल्डरवरही (ब्रश ज्या पेटीत बसतो तिच्यावर) नंबर रंगवून घ्या. "डावीकडून तिसरा" ही भाषा शिफ्ट बदलली की निरुपयोगी होते.

आणि वर्क परमिट. चालू रिंगजवळ हात घालायचं काम एकट्याने करायचं नाही, आणि पहिल्या वेळी तर अनुभवी माणूस शेजारी उभा असल्याशिवाय नाहीच.

३. चालू मशीन नुसतं बघा

काहीही सोडण्याआधी दहा मिनिटं बघत उभे राहा. ठिणग्या कुठल्या ब्रशखाली आहेत? ब्रशच्या पुढच्या कडेला की मागच्या? एखादा ब्रश होल्डरमध्ये नाचतोय का? आवाज किरकिर असा आहे का, सारखा घुमणारा आहे?

मशीन थांबलं की रिंगचा रंग बघा. चांगल्या पृष्ठभागावर एक पातळ फिल्म असते. तांब्याचं ऑक्साइड, ग्रॅफाइट आणि हवेतली आर्द्रता यांतून ती तयार होते. फिकट चॉकलेटी ते जवळजवळ काळा, यातला कुठलाही रंग चालतो, फक्त तो सगळीकडे सारखा हवा. नवीन माणूस ही फिल्म म्हणजे मळ समजतो आणि पॉलिश पेपरने घासून रिंग आरशासारखी चकचकीत करून ठेवतो. दिसायला छान, पण पुढचे कित्येक दिवस ब्रश कोरड्या धातूवर घासला जातो आणि भराभर झिजतो.

लक्ष द्यायची चिन्हं अशी. रिंगच्या परिघावर फिकट-गडद पट्टे दिसत असतील तर सुरुवात आहे. त्या पट्ट्यांत नखाला लागतील अशा बारीक रेघा पडल्या असतील तर ब्रशमध्ये तांब्याचे कण रुतलेत आणि ते रिंग कोरताहेत. ब्रशच्या आकाराचा ठसा रिंगवर एकाच जागी दिसत असेल, तर मशीन ब्रश टेकलेल्या अवस्थेत बराच काळ दमट जागी उभं होतं. आणि कॉम्युटेटरवर ठरावीक अंतराने बार काळे पडत असतील, तर दोष ब्रशमध्ये नसून बहुधा वाइंडिंगमध्ये किंवा रायझरच्या (बार आणि वाइंडिंग जोडणाऱ्या पट्टीच्या) सोल्डरिंगमध्ये आहे.

मोबाइलने फोटो काढून ठेवा, दर वेळी त्याच कोनातून. "आधी असंच होतं" या वाक्यावर विश्वास ठेवायची वेळ येत नाही.

४. प्रत्येक ब्रशचा करंट मोजा

लेखातलं मुख्य काम हेच, म्हणून सावकाश.

आधी सुरक्षितता. फील्डचं, म्हणजे एक्सायटेशनचं, सर्किट बहुतेक ठिकाणी अर्थ केलेलं नसतं. त्यामुळे एका टोकाला हात लागला तरी काही झालं नाही, असा अनुभव येतो आणि माणूस निर्धास्त होतो. पण दुसरीकडे कुठे अर्थ फॉल्ट झालेला असेल, तर पूर्ण व्होल्टेज तुमच्या अंगातून जाईल. एका वेळी एकाच रिंगजवळ काम, घड्याळ-अंगठी काढलेली, बाह्या बटण लावून बंद. आणि सिंक्रोनस मोटर स्टार्ट होत असताना रिंगच्या जवळ फिरकायचंही नाही. त्या काही सेकंदांत फील्डमध्ये नेहमीपेक्षा कितीतरी जास्त व्होल्टेज तयार होऊ शकतं.

आता मोजणी.

क) मशीन नेहमीच्या लोडवर निदान तासभर चाललेलं हवं. थंड मशीनवरचे आकडे वेगळेच येतात.

ख) क्लॅम्प मीटर जागेवर नेऊन शून्य करा, पण कुठल्याही केबलपासून थोडा दूर धरून. डीसी क्लॅम्प आसपासच्या चुंबकीय क्षेत्रानेसुद्धा हलतो. टेबलवर शून्य करून मशीनजवळ नेला आणि ३ अँपिअर दाखवायला लागला, हे नेहमीचं आहे.

ग) ब्रशला दोन पिगटेल असतील तर दोन्ही एकदम जबड्यात घ्या. एकेक मोजून बेरीज करता येते, पण मधल्या वेळात करंट बदलतो.

घ) सगळ्या ब्रशची बेरीज पॅनेलवरच्या अँपिअरशी ताडून बघा. फार फरक असेल तर कुठला तरी ब्रश सुटलाय, किंवा काही करंट पिगटेलऐवजी होल्डरच्या पेटीतून जातोय. हे दुसरं कारण धोक्याचं आहे, त्यावर पुढे येतो.

च) दहा-दहा मिनिटांनी तीनदा मोजा. एकदाच घेतलेल्या आकड्यावर निष्कर्ष काढू नका.

त्या दिवशी काकांनी माझ्याकडून घेतलेले आकडे अजून माझ्या वहीत आहेत: ९२, ७१, ४०, २२, ११, ४. बेरीज बरोबर २४०. सरासरी ४०, आणि फक्त एक ब्रश सरासरीवर चालत होता. पहिल्याचा करंट दर चौरस सेंटीमीटरला ११.५ अँपिअर पडत होता. या ग्रेडना साधारण ८ ते १२ ही मर्यादा असते, म्हणजे तो मर्यादेच्या अगदी काठावर चालला होता. आणि शेवटचा नुसता सोबतीला होता.

किती फरक चालतो? मी स्वतः सरासरीच्या निम्म्यापासून दीडपटीपर्यंत असेल तर हात लावत नाही. इथे २० ते ६०. अगदी सारखे आकडे मिळवायच्या मागे लागू नका. ते मिळत नाहीत, आणि मिळाले तरी संध्याकाळपर्यंत टिकत नाहीत.

५. शोध कमी घेणाऱ्यापासून सुरू करा

सगळ्यांचं लक्ष ९२ वाल्याकडे जातं, कारण तोच गरम असतो, त्याचीच पिगटेल निळसर झालेली असते, तोच लवकर संपतो. पण त्याचा दोष काहीच नसतो. त्याचा सांधा चांगला आहे म्हणून तो घेतोय. प्रश्न विचारायचा तो ४ आणि ११ वाल्यांना: तुम्ही का घेत नाही?

ब्रशपासून बाहेरच्या बसबारपर्यंतच्या वाटेवर मिलिव्होल्ट मोजत जा. एक प्रोब ब्रशच्या डोक्यावर, कार्बनलाच टेकवून. दुसरा जिथे सगळे ब्रश एकत्र येतात त्या बारवर. आमच्या तिसऱ्या ब्रशवर ४० अँपिअरला २० मिलिव्होल्ट आले. म्हणजे अर्धा मिलिओहम, उत्तम. पाचव्यावर फक्त ११ अँपिअर जात होते, तरी २६० मिलिव्होल्ट. म्हणजे जवळजवळ २४ मिलिओहम. सांध्यात जो करंट जायला हवा होता, त्याची वाट इथेच अडली होती.

मग प्रोब पुढे सरकवायचा: डोक्यापासून पिगटेलपर्यंत, पिगटेलपासून लगपर्यंत, लगपासून होल्डरच्या बारपर्यंत. २६० मधले २३० एकट्या लगच्या खाली निघाले. नट खोलला तर लगखाली रंग. मागच्या ओव्हरहॉलिंगमध्ये कुणीतरी होल्डरच्या आर्मला (होल्डर ज्यावर बसवलेले असतात त्या दांड्याला) छान रंग मारून दिला होता, सांध्याच्या जागांसकट. चौथ्या, पाचव्या आणि सहाव्याचं हेच.

ही वाट अडायच्या नेहमीच्या जागा चार. लगखालचा रंग किंवा काट. सैल नट किंवा स्प्रिंग वॉशर नसणं. पिगटेल कार्बनमध्ये जिथे ठोकून बसवलेली असते तो सांधा सैल होणं. आणि आर्म व बसबार यांच्यातला बोल्ट. तिसरी जागा डोळ्यांना दिसत नाही. मशीन बंद करून ब्रश हातात घ्या आणि पिगटेल हलकेच हलवा. ती कार्बनमध्ये हलत असेल, तर ब्रश कितीही लांब शिल्लक असो, टाकून द्या.

मघाशी म्हटलं ते होल्डरच्या पेटीचं प्रकरण इथे येतं. पिगटेलची वाट खराब झाली की करंट ब्रशच्या बाजूच्या भिंतीतून पेटीत उडी मारतो. ब्रशच्या बाजूवर भाजल्याचे डाग, पेटीच्या आत खड्डे. अशा पेटीत नवा ब्रश घातला तर तो त्या खड्ड्यांत अडकतो. पेटी कानशीने घासून "चालवून" घेऊ नका, बदला.

६. मशीन बंद करून स्प्रिंग आणि होल्डर

लॉकआउट (स्विच बंद करून कुलूप), टॅग, व्होल्टेज नाही याची खात्री, मग हात.

स्प्रिंगचा दाब मोजायची पद्धत साधी आहे. ब्रश आणि रिंगच्या मध्ये कागदाची पट्टी सरकवा. स्प्रिंग बॅलन्सने ब्रशवरची दाबपट्टी सरळ वर, ब्रशच्या रेषेत ओढत जा. दुसऱ्या हाताने कागद हलका ओढत राहा. कागद सुटला त्या क्षणीचा आकडा म्हणजे दाब. जागेवर बसवलेल्या औद्योगिक मशीनला सर्वसाधारणपणे दर चौरस सेंटीमीटरला १८० ते २०० ग्रॅम लागतात. आमच्या ८ चौरस सेंटीमीटरच्या ब्रशला म्हणजे सुमारे दीड किलो. तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच खरा. ट्रॅक्शन मोटरवर (रेल्वे इंजिनासारख्या गाड्या ओढणाऱ्या मोटरवर) धक्के असल्यामुळे तिथे दाब बराच जास्त ठेवतात.

एका रिंगवरच्या स्प्रिंगांमध्ये आपसांत १० टक्क्यांहून जास्त फरक नको. सगळ्या थोड्या कमी असल्या तर एकवेळ चालेल, पण एक दीड किलो आणि दुसरी ९०० ग्रॅम, हे चालणार नाही.

इथली सगळ्यात जुनी खोड: ठिणग्या दिसल्या की स्प्रिंग आवळायची. दाब फार कमी असेल तर ब्रश उसळतो, ठिणग्या पडतात आणि विजेने झीज होते. दाब फार वाढवला तर घर्षणाने झीज होते, रिंग तापते. या दोन्हींच्या मध्ये एक पट्टा आहे जिथे एकूण झीज सगळ्यात कमी असते. उत्पादकाने दिलेला आकडा त्याच पट्ट्यातला असतो. ठिणग्यांचं कारण रिंगच्या वाकडेपणात असेल, तर स्प्रिंग आवळून आवाज तेवढा बदलतो.

उलट बाजूही सांगून ठेवतो. सगळ्यात आखूड ब्रश म्हणजे सगळ्यात जास्त करंटवाला, असंही गृहीत धरू नका. एका डीसी मोटरवर सगळ्यात लवकर संपणारा ब्रश मोजला तर तो सरासरीपेक्षा कमी घेत होता. स्प्रिंग तापून मेली होती, ब्रश सतत उडत होता आणि ठिणग्यांनी त्याची कड खाल्ली होती. झीज दोघांची सारखीच दिसते. मोजल्याशिवाय फरक कळत नाही.

होल्डरमध्ये ब्रश वरून सोडला तर स्वतःच्या वजनाने खाली सरकला पाहिजे. फिलर गेजने ०.१ ते ०.३ मिलिमीटर फट असावी. तेल आणि कार्बनची भुकटी मिळून जो काळा लगदा होतो, तो ब्रश अडकवायला पुरेसा असतो. बेअरिंगचं तेल गळत असेल तर आधी ते बघा. होल्डरचं खालचं तोंड रिंगपासून २ ते ३ मिलिमीटरवर ठेवा. अंतर जास्त झालं तर ब्रश तिरका होतो आणि त्याची एकच कड घासते.

७. रिंग गोल आहे का

सगळे ब्रश उचला, डायल गेज लावा, रोटर हाताने फिरवा. मशीनचा वेग जितका जास्त, तितकी सूट कमी. वेगवान मशीनवर ०.०५ मिलिमीटरचा वाकडेपणाही ब्रशला उडवतो, सावकाश फिरणाऱ्या मोठ्या मशीनवर ०.१ चालून जातो. एक लक्षात ठेवा, हळूहळू होणाऱ्या चढउताराशी ब्रश जमवून घेतो. अचानक आलेली पायरी, म्हणजे एखादा सपाट झालेला भाग किंवा उचललेला बार, आकड्याने लहान असला तरी जास्त त्रास देतो.

वेगवान रिंगवर स्क्रूसारखी फिरत गेलेली खाच असते, ती शोभेची नाही. रिंग आणि ब्रशच्या मध्ये हवा अडकून ब्रश उचलला जाऊ नये, म्हणून हवेला बाहेर जायला ती वाट ठेवलेली असते. रिंग लेथवर वारंवार घेतली की खाच उथळ होत जाते आणि मग एक दिवस विनाकारण ठिणग्या सुरू होतात. लेथवरून आलेल्या रिंगच्या खाचेच्या कडा मोडलेल्या आहेत का, बोट फिरवून बघा. धारदार असतील तर ती किसणीच आहे.

८. नवे ब्रश बसवताना

ग्रेड तोच. दोन ग्रेड एका रिंगवर मिसळले, की ज्याचा ड्रॉप कमी तो करंट खातो. गोदामात "सारख्या मापाचे" पडलेले असतात, पण सारखं माप म्हणजे सारखा ग्रेड नव्हे. ब्रशवर कोरलेला कोड वाचा.

सगळे एकदम बदलायचे का? मशीन बंद आहे आणि नीट घासून बसवायला वेळ आहे, तर खुशाल. पण थोड्या वेळात पुन्हा चालू करायचं असेल, तर स्लिप रिंगवर एका खेपेला एक तृतीयांशापेक्षा जास्त बदलू नका. जुने बसलेले ब्रश भार सांभाळतात, तोवर नवे बसतात. पुढचे काही दिवसांनी बदला.

बसवणं म्हणजे ब्रशच्या तोंडाला रिंगची गोलाई देणं. गार्नेट पेपर खरखरीत बाजू ब्रशकडे करून रिंगवर घट्ट लपेटा, ब्रश स्प्रिंगसह त्यावर सोडा आणि पेपर फिरण्याच्या दिशेने ओढा. परत आणताना ब्रश उचला. पेपर रिंगपासून सुटून वर उचलला गेला तर ब्रशच्या कडा गोल होतात, म्हणून दोन्ही टोकं रिंगला चिकटवूनच ओढायचं. निदान तीन चतुर्थांश तोंड घासलेलं दिसेपर्यंत हे करा.

एमरी नको, कारण तिचे कठीण कण ब्रशमध्ये रुतून बसतात आणि मग तो ब्रश रिंग कोरत राहतो. आणि भुकटी काढायला कॉम्प्रेसरची हवा मारू नका. भुकटी जाते कुठे? वाइंडिंगमध्ये. ती वीज वाहून नेणारी भुकटी आहे. व्हॅक्यूमने ओढा, मग मेगर करा, आकडा मागच्या वेळच्या आकड्याशी ताडा.

ब्रश हे नाव मजेशीर आहे, नाही का? ठोकळ्याला ब्रश का म्हणायचं? सुरुवातीच्या मशीनवर तांब्याच्या तारांचे किंवा जाळीचे खरोखरच ब्रश असत आणि ते कॉम्युटेटर खाऊन टाकत. १८८५ साली जॉर्ज फोर्ब्स यांनी कार्बनचं पेटंट घेतलं. वस्तू बदलली, नाव तेच राहिलं.

९. कमी करंट, कोरडी हवा, सिलिकॉन

हे तीन गुन्हेगार लवकर सापडत नाहीत, कारण ब्रशजवळ सगळं ठीक दिसतं.

कमी करंट म्हणजे ब्रशला आराम, असं वाटतं. उलट आहे. फिल्म तयार व्हायला करंटही लागतो. मोठं मशीन महिनोन्‌महिने हलक्या लोडवर चाललं, ब्रशमध्ये दर चौरस सेंटीमीटरला ३-४ अँपिअरही नसले, तर फिल्म नीट बनत नाही आणि रेघा पडू लागतात. यावर उपाय ऐकायला विचित्र वाटतो: काही ब्रश काढून टाकायचे, म्हणजे उरलेल्यांना पुरेसा करंट मिळेल. पण हे मनाने करू नका. पूर्ण लोड आला तर उरलेले पेलतील का, याचा हिशेब करून आणि वरिष्ठांच्या लेखी परवानगीने करा. कॉम्युटेटरवर प्रत्येक आर्मवरून सारखेच आणि एकाच रांगेतले काढावे लागतात.

ग्रॅफाइट स्वतःहून निसरडा असतो, ही समजूत अर्धी खरी आहे. त्याला पाण्याची वाफ लागते. दुसऱ्या महायुद्धात विमानं फार उंचावर उडायला लागली, तेव्हा त्यांच्या जनरेटरचे ब्रश काही तासांत भुकटी होऊन गेले. तिथल्या हवेत आर्द्रता जवळजवळ नव्हतीच. जमिनीवरही हेच होतं, वातानुकूलित किंवा हीटर लावलेल्या बंद खोलीत. हवेत दर घनमीटरला २-३ ग्रॅमपेक्षा कमी पाणी असेल तर झीज झपाट्याने वाढते. मीटरवर दिसणारी टक्केवारी तापमानाप्रमाणे बदलते, म्हणून ग्रॅमचा हिशेब काढा.

सिलिकॉनची वाफ तर थोडीशीही पुरते. सीलंट, ग्रीस, स्प्रे, काही केबलचं आवरण. बंदिस्त मशीनमध्ये एखाद्या झाकणाला सिलिकॉनचं सीलंट लावलं आणि पुढच्या आठवड्यापासून सगळ्या ब्रशची झीज एकदम काही पटींनी वाढली, तर दुसरं काही शोधण्याआधी ते सीलंट काढा.

१०. स्लिप रिंगऐवजी कॉम्युटेटर असेल तर

वरचं सगळं लागू आहेच. त्याशिवाय तीन गोष्टी. एक, ब्रश आर्ममधलं अंतर सारखं आहे का, हे कॉम्युटेटरभोवती कागदाची पट्टी गुंडाळून प्रत्येक ब्रशच्या कडेची खूण करून बघा. दोन, बारमधला मायका (इन्सुलेशनचा अभ्रक) तांब्याच्या खाली कापलेला हवा आणि बारच्या कडा मोडलेल्या हव्यात. मायका तांब्याइतका भराभर झिजत नाही, तो मागे उरतो आणि ब्रश त्यावरून उड्या मारतो. तीन, ब्रशची जागा न्यूट्रलवर (ठिणग्या सगळ्यात कमी पडतात त्या जागी) आहे का. हे शिकल्याशिवाय रॉकर (सगळे आर्म एकत्र फिरवणारं कडं) हलवू नका. हलवायचाच असेल तर आधी मूळ जागेवर छिन्नीने खूण करा.

आणखी एक, रिंगवाल्यांसाठी: डीसी एक्सायटेशनमध्ये पॉझिटिव्ह आणि निगेटिव्ह रिंग सारख्या झिजत नाहीत. म्हणून बऱ्याच ठिकाणी ठरावीक मुदतीने फील्डच्या केबल अदलाबदल करतात. तुमच्याकडे तशी पद्धत असेल तर ती तारीख चुकवू नका.

११. नोंद

नंबर, तारीख, मशीनचे चालू तास, ब्रशची लांबी, करंट, स्प्रिंगचा दाब. इतकेच रकाने. झीज नेहमी १००० तासांच्या हिशेबात काढा, म्हणजे दोन महिन्यांची तुलना करता येते. ७२० तासांत ३.२ मिलिमीटर गेले, तर १००० तासांना साधारण ४.४. नवा ब्रश ६४ मिलिमीटर, बदलायची खूण २५ वर, वापरायला मिळतात ३९. म्हणजे सुमारे ८,८०० तास, सलग चाललं तर वर्षभर. सुटे भाग किती मागवायचे हे यावरून ठरतं.

आमच्या त्या रिंगवर तीन लगखालचा रंग खरवडला, चार स्प्रिंग बदलल्या आणि एकही ब्रश न बदलता तिसऱ्या दिवशी परत मोजलं: ५१, ४७, ४२, ३९, ३३, २८. काका म्हणाले, "लिही वहीत." मग पहिल्या ब्रशची निळी पडलेली पिगटेल हलवून बघितली. ती कार्बनमध्ये हलत होती. तेवढा एक ब्रश बदलावा लागला.